बिनसहीच्या पोरी

बापूराव मास्तर वारले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बातमी आली तेव्हा मी मेथी निवडत होते. निरोप घेऊन आलेल्या माणसाला चहा करून दिला, तो गेल्यावर उरलेली मेथी निवडली, आणि त्या दिवशी दोन घास जास्तच जेवले. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी बोलायची सोय नाही आणि मेल्यावर बोलायची मनाई, तर आमच्यासारख्यांनी बोलायचं तरी कधी? त्यांचं आडनाव मात्र मी इथं लिहीत नाही. त्यांची नातवंडं वाशिमातच राहतात, माणसं भली आहेत, आणि इतकी वर्षं नोकरी केल्यावर तेवढी सभ्यता माझ्या अंगात आली आहे.

आमचा मळा गावाला लागूनच होता. पहाटे मोट सुरू झाली की चाकाचा कुरकुराट आणि थारोळ्यात पाणी पडल्याचा धबाका, या दोन आवाजांनीच मला जाग यायची. वांगी, मेथी, चुका, अंबाडी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, थंडीत फुलकोबी, एवढं आम्ही काढायचो. माय वाफ्यात बसून सांभाराच्या जुड्या बांधायची आणि मी तिच्या समोर बसून केळीच्या सोपटाचे धागे सोलून द्यायची. न्याहारीला कालची भाकर, मिरचीचा ठेचा आणि अंबाडीची भाजी. त्या अंबाडीवर माय लसणाची फोडणी वरून घालायची, तिचा चर्र आवाज झाला की आम्ही तिघी बहिणी हातातलं टाकून पळत यायचो. मुलगा घरात नव्हता. मी थोरली, गिरजा.

बाबांनी मला शाळेत घातलं ते काही समाजसुधारणेच्या नादानं नव्हे. ते वांग्यांच्या आणि कोबीच्या टोपल्या सर्व्हिस मोटारीनं अकोल्याला धाडायचे. मोटारस्टँडवरचा बाबू बिल्टी लिहून हातात द्यायचा, आणि त्या कागदावर काय लिहिलं आहे हे बाबांना घरी येऊनही कळायचं नाही. एकदा आमच्या टोपल्या भलत्याच आडत्याच्या नावानं गेल्या. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पागोटं खुंटीला टांगलं आणि मायला म्हणाले, "एक तरी वाचणारं मानूस घरात पायजे. पोरगा नाई तं पोरगी." माय म्हणाली, "लोकं हासतीन." बाबा म्हणाले, "आताबी हासूनच राह्यले." एवढीच चर्चा झाली, आणि मी शाळेत गेले.

मुलींच्या त्या शाळेला दोन खोल्या आणि पुढं एक पडवी. पहिली-दुसरीपर्यंत सगळं बरं होतं. तिसरीत गेलं की पोरगी बापूराव मास्तरांच्या हाताखाली यायची. मास्तर गोरे, उंच, स्वच्छ धोतराचे. मारकुटे नव्हते, हे आधी सांगते, कारण लोकांना वाटतं वाईट मास्तर म्हणजे छडी. त्यांनी आम्हाला बोटही लावलं नाही. त्यांची रीत वेगळी होती. रोज पाच हिशेब आणि दहा ओळी शुद्धलेखन घरी करायचं, घरातल्या मोठ्या माणसानं ते तपासायचं, चुकलेलं समजावून सांगायचं, आणि पानाखाली सही करायची. "मी एकटा एवढ्या मुलींना कुठवर पुरणार?" ते म्हणायचे. "घरच्यांनी थोडा हात लावावा." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. सोमवारी वह्या तपासल्या जायच्या. ज्यांच्या वहीत सह्या असत त्या आत बसायच्या आणि त्यांना नवा धडा मिळायचा. ज्यांच्या वहीत सह्या नसत त्यांचा मागचाच धडा कच्चा धरला जाई, म्हणून नव्याची घाई नको, म्हणून त्यांनी पडवीत बसून जुना धडा घोटायचा. घोटता घोटता माठ भरायचा, पडवी झाडायची, मास्तरांच्या बैठकीची सतरंजी झटकायची. आम्हाला नावच पडलं होतं, बिनसहीच्या पोरी. त्यात मी माळ्याची, एक तेल्याची, दोन कुणब्यांच्या, एक शिंप्याची. आत कोण होत्या ते मी सांगायला नको.

घरी माय रोज माझा अभ्यास घ्यायची, हे कुणाला खरं वाटणार नाही. तिला एक अक्षर येत नव्हतं. कंदील लावून ती भाकरी थापायला बसली की मी समोर बसून पाढे म्हणायचे, आणि ती माझ्या आवाजावर कान ठेवून असायची. मी कुठं अडखळले, आवाज जरा खाली गेला, की थापता हात थांबायचा. "चुकली तू तिथं. पुन्हा मन." आणि खरंच तिथंच चुकलेलं असायचं. असा अभ्यास वाशिमात एकाही वकिलानं आपल्या पोरीचा घेतला नसेल. पण त्याची सही कशी करणार?

पडवीकडे एक खिडकी उघडत असे आणि खिडकीला लागून आत सुमती बसायची. सुमती वकिलांची मुलगी. तिची वही म्हणजे शाळेचा दागिना होता. मोत्यासारखे आकडे, कुठं खाडाखोड नाही, खाली वकीलसाहेबांची फर्राटेदार सही. आलेल्या-गेलेल्याला मास्तर ती दाखवायचे. सुमती माझ्याच वयाची, हडकुळी, जरा घाबरट. मास्तर फळ्याकडे वळले की ती आपली पाटी हळूच खिडकीच्या गजांना टेकवून धरायची, म्हणजे पडवीतून मला नवा धडा दिसे. का करायची कुणास ठाऊक. मी तिला एकदा विचारलंही, "काहून दाखवते मले?" ती म्हणाली, "मला कळत नाही. तुला कळलं तर मला सांग." मी हसले होते. मला वाटलं, श्रीमंताची पोरगी गंमत करते. पुढं मधल्या सुट्टीत मी तिला दोन-चार वेळा हिशेब समजावलाही, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिला खरोखरच काही येत नव्हतं. वहीतले मोती वकिलांच्या कारकुनाचे होते आणि सही तेवढी बापाची.

एकदा बाबा मास्तरांकडे वांगी पोचवायला आले, तसा शिरस्ताच होता, आणि त्यांनी मला पडवी झाडताना पाहिलं. त्यांना वाटलं, आज पाळी असेल. आठवड्यानं पुन्हा आले, मी पुन्हा झाडत होते. घरी येताना रस्त्यात त्यांनी विचारलं, "शायेत तुले झाडाले ठेवलं का शिकाले?" मी सहीचं सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सही पायजे? मंग करू आपुन सही."

आता इथं नव्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे ज्याला लिहिता येत नाही तो कागदावर आपल्या कामाच्या हत्याराचं चित्र काढायचा. कुणब्याची निशाणी नांगर, सुताराची पटाशी, आमची खुरपं. पण ते चित्र कुणीही, कुठंही काढून चालत नसे. आधी तो कागद वाचून दाखवायचा, मग लिहित्या माणसासमोर निशाणी करायची, आणि त्यानं खाली लिहायचं की ही निशाणी माझ्या समक्ष झाली. बाबांनी जन्मात दोनदाच निशाणी केली होती, एकदा मळ्याच्या कागदावर आणि एकदा विहिरीच्या. त्यांच्या लेखी कागदावर खुरपं काढणं म्हणजे देवाच्या अंगणात शब्द देण्यासारखं होतं. पोरीच्या वहीवर बसल्या बसल्या घरी खुरपं काढून टाकावं, हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. साक्षीशिवाय केलेली निशाणी खोटी, एवढंच त्यांना ठाऊक.

म्हणून ते मला कचेरीसमोरच्या लिंबाखाली हमीद मुन्शींकडे घेऊन गेले. मुन्शीजी अर्ज लिहून देणारे. पांढरी आखूड दाढी, पुढ्यात उतरती पेटी, दौत, बोरू आणि टाक. बाबांनी मांडी घातली, वही पुढं ठेवली आणि म्हणाले, "मुन्शीजी, एक निशानी कराची हाय. रोज करा लागन." मुन्शीजींनी वही उघडली, हिशेब बघितले, मग बाबांकडे बघितलं. मला वाटलं आता हे हसणार. ते हसले नाहीत. म्हणाले, "दत्तूभाऊ, हा तर बच्चीचा अभ्यास हाय." बाबा म्हणाले, "हो. पन कागद तं हाय ना." मुन्शीजींनी मान हलवली आणि सगळं पान, पाचही हिशेब, दहाही ओळी, कचेरीच्या सुरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मग बोरू घेऊन, जीभ दातात धरून, खुरपं काढलं. त्याखाली मुन्शीजींनी घोटीव अक्षरात लिहिलं, "निशाणी खुरपं. दत्तू माळी यांनी मजकूर ऐकून माझ्या समक्ष केली. हमीद मुन्शी."

हे वर्षभर चाललं. भाजी विकून झाली की संध्याकाळी आम्ही दोघं रोज त्या लिंबाखाली जायचो. मुन्शीजी मेथीची एक जुडी घ्यायचे, तीही बाबा मुद्दाम ठेवून जायचे म्हणून. एकदा वाचता वाचता ते एका वजाबाकीवर अडखळले. मी विचारलं, "चुकली का हो ते?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेटी, मी गवाह हाय. गवाहानं मजकुरात हात घालायचा नसतो. तू चुकीचं लिहिलं तर मी चुकीच्याचाच गवाह." आणि ती चुकीची वजाबाकी तशीच साक्षीसह मास्तरांकडे गेली. एवढा सचोटीचा माणूस मी पुढं शिक्षणखात्यात पाहिला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी घरून निघण्याआधी प्रत्येक हिशेब दोनदा करून बघू लागले. मुन्शीजींच्या सुरात माझी चूक कचेरीसमोर मोठ्यानं वाचली जावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मास्तरांनी पहिल्या सोमवारी ते पान बघून नाक मुरडलं, पण सही ती सही. मी आत बसले. चौथीत जाईपर्यंत वर्गात माझ्यापुढं कुणी उरलं नाही. आमच्या शाळेत मुलींसाठी चौथीच्या पुढं वर्ग नव्हता. पुढं शिकायचं तर अकोल्याला, तिथल्या मुलींच्या मिडल स्कूलात. त्यासाठी एक परीक्षा असे, पास झालं तर राहणं-जेवण फुकट, आणि प्रत्येक शाळेतून फक्त दोन मुलींची नावं जायची. ते झालं नाही तर माझ्यापुढं काय होतं? वाफ्यातलं खुरपं, आणि एखाद्या वर्षात लगीन. रिसोडाकडून एक स्थळ येऊनही गेलं होतं. बाबांनी त्यांना "परीक्षेचं पाहू" म्हणून थांबवलं होतं. सगळ्या गावात मला माहीत असलेला दुसरा रस्ता म्हणजे ती परीक्षा.

मास्तरांनी नावं वाचली. एक पोस्टमास्तरांची मुलगी, दुसरी सुमती. मी उभी राहिले. मास्तर म्हणाले, "खाली बस. तुझी वही कचेरीतला अर्जनवीस लिहितो. पानापानावर त्याचं अक्षर आहे. पोरीला फुकट मोठेपणा मिळावा म्हणून तुझा बाप हे करतो. मी काय खुळा आहे?" मी म्हटलं, "मास्तर, हिशेब माहे हायत. वजाबाकी चुकलेली हाय, पाहा ना. त्यायनं केली असती तं चुकली असती का?" मास्तर म्हणाले, "ती मुद्दाम चुकवलेली आहे."   बरोबर असलं तर दुसऱ्याचं, चूक असलं तर लबाडीचं, असं एकदा ठरवल्यावर माणसानं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत आले. धुतलेलं धोतर, हातात भाजी नाही. पडवीत उभं राहून म्हणाले, "मास्तर, मी तुमच्यापुढं निशानी करतो. पोरीले तुमच्यापुढं हिशेब घाला. आलं नाई तं नाव नोका धाडू." आमच्या सगळ्या वर्गाच्या देखत मास्तर हसले. म्हणाले, "दत्तू, तुला खुरपं काढता येतं ना? पुष्कळ झालं. पोरीच्या हातातही तेच दे. घरी शिकवणारं कोणी नाही अशा मुली तिथं टिकत नाहीत, शाळेचं नाव जातं." बाबांनी खाली पाहिलं. मग जाताना, सवयीनं, त्यांनी मास्तरांना रामराम केला. तो रामराम मला मास्तरांच्या हसण्यापेक्षा जास्त लागला. मी त्या दिवशी ठरवलं की या माणसाचं वाटोळं करायचं. दहा-अकरा वर्षांची पोरगी काय वाटोळं करणार, असं तुम्हाला वाटेल. अंबाडीच्या भाजीवर वाढलेल्या पोरीचा आंबटपणा तुम्हाला माहीत नाही.

माझ्या नातसुनेनं मागच्या रविवारी नातवाच्या मुलासाठी थर्माकोलचा ज्वालामुखी केला. अख्खा दिवस बाई डिंकात हात घालून बसली होती, आणि पोरगं बाहेर क्रिकेट खेळत होतं. शाळेत त्याला शाबासकी मिळाली. आमच्याकडे भांडी घासायला येते त्या बाईची मुलगी त्याच वर्गात आहे. तिनं स्वतःच्या हातानं मातीचा केला होता, तो रिक्षात मोडला. वर्गाच्या बाईंनी तिला विचारलं म्हणे, "घरी कोणी लक्ष देत नाही का तुझ्याकडे?" नातसून मला हे सहज सांगत होती. मी इतकी वर्षं हेडमास्तरीण होते, माझ्या शाळेत घरचा अभ्यास आणि पालकाची सही दोन्ही बंद ठेवल्या. सुशिक्षित पालक तक्रारी घेऊन यायचे आणि मी त्यांना गोड बोलून, मनातून खुशीत, परत धाडायचे. बापूराव मास्तरसुद्धा एकदा नातीच्या दाखल्यासाठी आले होते, काठी टेकत. मी त्यांना पडवीत दोन तास बसवून ठेवलं. माझ्याकडे काम काही नव्हतं. आत बसून मी वर्तमानपत्र वाचलं, जाहिरातींसकट. शेवटी बोलावलं तर त्यांनी मला ओळखलं नाही. नुसतं "बाईसाहेब" म्हणाले. इतकं करून मी त्यांच्या लक्षातही नव्हते, हे मला फार झोंबलं.

पण आता गोष्टीत मागं येते, शाळा तपासणाऱ्या सरकारी डिप्टीसाहेबांकडे. नावं जायच्या आधी डिप्टी शाळा तपासायला आले. मास्तरांनी भिंतीवर नकाशे लावले होते, सगळे कुणाच्या ना कुणाच्या वडिलांनी काढलेले. टेबलावर फुलदाणीशेजारी सुमतीची वही. मला पाणी द्यायचं काम होतं. मी तांब्या-भांडं घेऊन गेले तेव्हा डिप्टी वही चाळून "वा, वा" म्हणत होते. मी पाणी दिलं आणि तिथंच उभी राहिले. मास्तरांनी डोळ्यांनी जा म्हटलं. मी डिप्टींना म्हणाले, "साहेब, ही वही आमच्या सुमतीची हाय. तिले यातला कोनताबी हिशेब पाटीवर कराले सांगा ना."

डिप्टींना वाटलं, मैत्रिणीचं कौतुक दाखवते. ते हसले, म्हणाले, "असं का? बोलवा सुमतीला." आणि सुमतीलाही तसंच वाटलं. ती उठून पुढं येताना माझ्याकडे बघून जरा हसलीसुद्धा, जणू मी तिचं काही तरी भलं केलं होतं. डिप्टींनी वहीतलाच हिशेब वाचला. पाच मजूर एक विहीर बारा दिवसांत खणतात, तर तीन मजुरांना किती दिवस लागतील? सुमतीनं पाटीवर पाच लिहिलं, बारा लिहिलं, तीन लिहिलं. मग ती थांबली.  तिनं माझ्याकडे पाहिलं. मधल्या सुट्टीत ती अशीच बघायची आणि मी बोटांवर दाखवायचे. माझे हात मी तांब्याभोवती धरून ठेवले. तिच्या डोळ्यांतून पाणी पाटीवर पडलं आणि बारा पुसला गेला.

डिप्टी म्हणाले, "मास्तर, हे काय?" मास्तर म्हणाले, "घाबरली आहे, साहेब." डिप्टींनी माझ्याकडे बोट केलं. "तू सांग." मी पाटी न घेताच सांगितलं, "वीस दिवस. मानसं कमी झाली की दिस वाढतेत." हे समजायला विहीर खणताना एकदा बघितलेली असली की पुरे. त्यांनी आणखी चार घातले, चारही सांगितले. "हिची वही कुठं आहे?" मास्तर चाचरले, "तिच्या वहीत जरा भानगड आहे." वही आली. डिप्टींनी पानामागून पान उलटलं. खुरपं, साक्ष, खुरपं, साक्ष. ते आधी बुचकळ्यात पडले, मग मला विचारलं आणि मी लिंबापासून सुमतीच्या वहीतल्या कारकुनापर्यंत सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मास्तरांना विचारलं, "एका वहीवर वर्षभर साक्ष आहे आणि एका वहीवर कारकुनाचं अक्षर. तुम्ही खोटी कोणती ठरवलीत?" मास्तर टेबलावरची फुलदाणी इकडची तिकडे करू लागले. ते बघताना मला जी मजा आली, तिची मला अजून लाज वाटत नाही.

सुमतीचं नाव खोडलं आणि तिथं माझं आलं. परीक्षेच्या अर्जावर पालकाची सही लागायची. बाबा शाळेत आले आणि मास्तरांच्या टेबलासमोर उभे राहिले. मास्तरांनी कागद सरकवला, म्हणाले, "कर इथं तुझी निशाणी." बाबा म्हणाले, "आधी वाचून दाखवा." मास्तर म्हणाले, "नेहमीचाच मजकूर आहे." बाबा शांतपणे म्हणाले, "ऐकल्याबिगर मी कुठंच निशानी करत नाई, मास्तर. तशी रीत नाई." तेव्हा मास्तरांनी वाचलं, आणि त्यात त्यांनाच स्वतःच्या हातानं लिहावं लागलेलं एक वाक्य होतं, की ही विद्यार्थिनी अभ्यासू असून घरचा अभ्यास स्वतः करते. बाबा म्हणाले, "ते मंगाचं पुन्हा वाचा. मले नीट आयकू नाई आलं." बाबांचे कान हरणासारखे होते. मास्तरांनी पुन्हा वाचलं. मग बाबांनी खुरपं काढलं, अगदी सावकाश, मुठीची गाठसुद्धा काढली. आणि कागद परत सरकवून म्हणाले, "आता तुमी लिवा. तुमच्या समक्ष झाली म्हनून." मास्तरांनी लिहिलं. टाकाचं निब त्यांच्या हातून कागदात रुतलं आणि शाईचा डाग पडला. घरी येताना बाबा मळ्यापर्यंत मधूनच हसत होते.

इथंच हे प्रकरण संपवलं असतं तर बरं झालं असतं. मी अकोल्याला गेले, शिकले, मास्तरीण झाले, पुढं हेडमास्तरीण झाले. पण वकीलसाहेबांची त्या दिवशी गावात फार नाचक्की झाली. कोर्टाच्या बाररूमात लोकांनी त्यांना विहीर खणायला किती मजूर लागतात म्हणून विचारलं म्हणे. त्यांनी सुमतीला शाळेतून काढलं आणि वैशाखात तिचं लग्न ठरवलं, हिंगोलीकडचा बिजवर. लग्नाची भाजी आमच्याच मळ्यातली होती. बाबांबरोबर वांग्यांची टोपली घेऊन मीही गेले. मागच्या दाराशी सुमती हळद लावून बसली होती, हात-पाय पिवळे, गळ्यात ओला पंचा. बायका आत गेल्या तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "तुला माहीत होतं ना, मला येणार नाही म्हणून?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मी बाबांना कितीदा म्हटलं, मला करू द्या. ते म्हणायचे, तुझ्यानं वेळ लागतो, खाडाखोड होते, वही घाण दिसते. कारकून घेऊन टाकायचा माझ्या हातातून." ती रडत नव्हती. मला नुसतं सांगत होती, जसं मधल्या सुट्टीत सांगायची. मी तिला म्हटलं, "मंग आता कर. आता कोन पाहून राह्यलं तुयी वही?"

 माझी टोपली जावी म्हणून तिनं पाय तेवढे बाजूला घेतले.

ती मला पुन्हा भेटली नाही. मी हिंगोलीकडे चौकशी कधी केली नाही, करता आली असती. हे सगळं लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, बापूराव मास्तरांना एकदाचं कागदावर नीट झोडपावं म्हणजे मन मोकळं होईल. झोडपलं. पण या वयात स्वतःशी तरी खरं बोलावं. त्या माणसावरचा राग मी इतकी वर्षं निवू दिला नाही, वारा घालून घालून जागा ठेवला, कारण तो विझला तर समोर सुमती दिसते, आणि तिच्यावर रागवायला माझ्याकडे कारणच नाही.